रंगकामासाठी रेडिएटर काढला की दर वेळी पाणी का गळतं?

आमच्या घरात अकरा वर्षांत चार वेळा रंगकाम निघालं आणि चारपैकी तीन वेळा रेडिएटरनं, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या डब्यानं, घात केला. एकदा गालिच्यावर पाणी, एकदा हातातल्या पान्यासकट अंगावर, आणि एकदा सगळं परत लावून, फोटो काढून, नातेवाइकांना पाठवून झाल्यावर पंधरा दिवसांनी स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या, मागून. तिन्ही वेळा मी तेच काम केलं होतं आणि तिन्ही वेळा चूक वेगळीच निघाली. म्हणून हे लिहितोय, कारण इंग्लंडात घर घेतलेले आपले बरेच लोक गणपतीच्या आधी किंवा ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत रंगकाम काढतात आणि मग रात्री साडेअकराला फोन करतात, ‘अरे, दोन्ही नळ बंद केलेत, तरी पाणी येतंय!’

घर रेडिंगच्या बाजूचं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं जोडघर. गॅसचा कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा), त्यातून १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळ्या आणि नऊ रेडिएटर. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे प्रकरण नवीन असतं. आपल्याकडे गिझर बिघडला तर आंघोळ हुकते, घर नाही भिजत. इथे भिंतीवर टांगलेला तो पांढरा डबा घरभर फिरणाऱ्या एकाच पाण्याचा भाग असतो, आणि ते पाणी दाबाखाली असतं. एक डबा सोडवला की बाकीचे आठ आणि बॉयलर यांचं पाणी बाहेर यायला टपलेलं असतं. त्याला अडवणारे फक्त दोन व्हॉल्व्ह.

पहिला प्रश्न आमच्या बाबांनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारला होता. ‘अरे, त्या डब्यामागं बघायला कोण जाणार आहे? पुढून ब्रश मार की.’ तेव्हा मी हसलो. आता सांगतो, नुसता रंगच द्यायचा असेल तर बाबांचं बरोबर आहे. लांब दांड्याचा बारका रोलर मिळतो, तो रेडिएटरच्या मागे आरामात जातो. काढायची गरज तीनच वेळा पडते: वॉलपेपर लावायचा किंवा खरवडायचा असेल, भिंतीवर प्लॅस्टरचा नवा पातळ हात द्यायचा असेल, नाहीतर मागे ओल आणि बुरशी धरली असेल. यातलं काही नसेल तर रोलर आणा आणि पुढचं वाचूही नका.

आता पहिल्या गळतीची रात्र. मागची बेडरूम होती, मार्च महिना. रेडिएटरच्या एका टोकाला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे ज्याच्या डोक्यावर १ ते ५ आकडे असतात तो. इथे सगळे त्याला टीआरव्ही म्हणतात. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची गुळगुळीत टोपी घातलेला लॉकशील्ड नावाचा व्हॉल्व्ह. मी टीआरव्ही पार शेवटपर्यंत फिरवून बंद केला, लॉकशील्ड पान्यानं आवळला, रेडिएटर काढला. दिवसभर थेंब नाही. संध्याकाळी पहिला हात रंग दिला, वास जावा म्हणून खिडकी सताड उघडी टाकली आणि झोपायला गेलो. पहाटे पाय ठेवला तर गालिचा पच्चकन वाजला.

कारण त्या डोक्याच्या पोटात आहे. आत मेणाची किंवा द्रवाची छोटी कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि खालची पिन दाबते, पाणी बंद. खोली गार झाली की कुपी आक्रसते, स्प्रिंग पिन वर ढकलते, पाणी सुरू. आकड्यांच्या खाली जे हिमकणाचं चिन्ह असतं त्याचा अर्थ ‘बंद’ असा नाहीच. खोली साधारण ७ अंशांच्या आसपास उतरली की नळ्या गोठू नयेत म्हणून आपोआप उघड, असा तो हुकूम आहे. मी मार्चच्या रात्री खिडकी उघडी ठेवून खोली गार केली आणि व्हॉल्व्हनं आपलं काम इमानदारीनं केलं. माझ्या बाजूला रेडिएटर नव्हता, एवढंच.

याच चुकीचे दोन भाऊबंद आहेत. काही जण रंगाचे शिंतोडे नकोत म्हणून टीआरव्हीचं डोकंच फिरवून काढून ठेवतात. डोकं निघालं की पिन मोकळी, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. दुसरा भाऊबंद नव्या जमान्यातला: फोनवरून चालणारं, बॅटरीचं स्मार्ट डोकं. ते ॲपमधून बंद केलं तरी त्यातली बरीच डोकी पिन अडकू नये म्हणून अधूनमधून, बहुधा आठवड्यातून एकदा, स्वतःहून व्हॉल्व्ह उघडून मिटून बघतात. पाहुण्यांसमोर मिरवायला छान, पण रेडिएटर काढलेल्या खोलीत नको.

उपाय दोन रुपयांचा म्हणावा असा. नवीन टीआरव्हीच्या डब्यात एक साधी प्लॅस्टिकची टोपी येते, जी लोक कचरा समजून फेकून देतात. डोकं काढून तिच्या जागी ही टोपी आवळली की पिन खाली दाबून धरली जाते, मग खोली कितीही गार होवो. पण हीसुद्धा प्लॅस्टिकचीच. एका दुपारपुरती ठीक. रेडिएटर दोन-चार दिवस किंवा रात्रभर बाहेर राहणार असेल तर व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावरच वॉशर घातलेली पितळी टोपी बसवा. ब्लँकिंग कॅप म्हणून मागितली की प्लंबिंगच्या दुकानात मिळते. बहुतेक व्हॉल्व्हना पाऊण इंची बसते, पण सगळ्यांना नाही, तेव्हा तोंडाचं माप आणि फोटो घेऊन जा. दोन्ही टोकांसाठी दोन घ्या. मी आता या टोप्या रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात ठेवतो आणि त्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही.

दुसरी फजिती लॉकशील्डची. त्याची टोपी काढली की आत चौकोनी किंवा चपटा दांडा असतो, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की बंद होतो. बंद करताना किती फेरे बसले ते मोजायचं, अर्धा-पाव धरून. कारण हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नसतोच. घरातल्या सगळ्या रेडिएटरांना गरम पाणी सारखं मिळावं म्हणून ज्यानं कुणी यंत्रणा बसवली त्यानं प्रत्येक लॉकशील्ड ठरावीक फेरे उघडून ठेवलेला असतो. मी पहिल्यांदा तो आकडा रेडिएटरमागच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिला आणि मग त्याच भिंतीवर दोन हात रंग मारला. कागदावर लिहा.

हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी हलवलेले नसतात. आत गाळ बसतो, व्हॉल्व्ह ज्यावर टेकून मिटतो ती बैठक झिजते, आणि पान्याला ‘आता आवळला’ असं जाणवत असूनही पाणी आतून सरकत राहतं. मी नट सैल केला, खाली रंगाचा ट्रे धरला. ट्रे भरला, दुसरा भरला, परात आणली, परात भरली. रेडिएटरमध्ये पाच-सहा लिटर असतील असा हिशेब होता, आणि हे तर थांबेना. बॉयलरवरचा दाबाचा काटा शून्यावर आला तेव्हा कळलं की मी एक रेडिएटर नव्हे, सगळं घर रिकामं करतोय.

यावर एक परीक्षा आहे, आणि ती पाना हातात घ्यायच्या आधी करायची आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, टीआरव्हीवर ती टोपी लावा. मग रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला हवा सोडायचा ब्लीड व्हॉल्व्ह चावीनं अर्धा फेरा उघडा, खाली फडकं आणि कप धरून. दोन्ही व्हॉल्व्ह खरोखर बंद असतील तर एक पिचकारी येईल, जोर ओसरेल, आणि काही क्षणांत पाणी थांबेल, कारण आतला दाब गेला की वर चढवायला काहीच उरत नाही. थांबलं नाही, कपामागून कप भरतोय, तर दोनपैकी एक व्हॉल्व्ह खोटं बोलतोय. चावी फिरवून ब्लीड व्हॉल्व्ह मिटा, बॉयलरचा दाब पुन्हा भरा, झालं. काहीही बिघडलेलं नाही, गालिचा कोरडा आहे. ही परीक्षा मला कुणी आधी सांगितली असती तर आमची ती परात आज काळी नसती.

परीक्षेत नापास झालेला लॉकशील्ड एकदोनदा उघडून पुन्हा बंद करून पाहा, कधी कधी बैठकीवरचा गाळ निघून जातो. नाहीतर जोर लावू नका. अशा वेळी यंत्रणा खाली करणं हाच मार्ग: तळमजल्यावर कुठेतरी पाणी काढायचा छोटा नळ असतो, त्याला पाईप लावून बाहेरच्या सांडपाण्याच्या मोरीत सोडायचं, मग रेडिएटर काढायचा आणि तो व्हॉल्व्ह नवा घालूनच मोकळं व्हायचं. ज्यांच्याकडे अजून माळ्यावर छोटी टाकी असलेली जुनी उघडी यंत्रणा आहे त्यांनी आधी त्या टाकीचा पुरवठा बंद करावा. तिथे बॉलकॉक असतो, जेवढं खाली जाईल तेवढं तो वरून भरत राहतो. अक्षरशः न संपणारं पाणी.

प्रत्यक्ष काढण्यात फारसं काही नाही, पण दोन जागा फसवतात. एक, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणाऱ्या मोठ्या नटाची दिशा. डावीकडचा एकीकडे फिरतो, उजवीकडचा उलटा, असं वाटतं आणि लोक सैल करायच्या नादात आवळत बसतात. रेडिएटरच्या मध्यावर उभे आहात आणि तिथून व्हॉल्व्हकडे बघताय असं समजा: त्या नजरेनं घड्याळाच्या उलट दिशेला नट सैल होतो, दोन्ही टोकांना. दोन, एक पाना नटावर आणि दुसरा व्हॉल्व्हच्या अंगावर, कायम. एकाच पान्यानं जोर दिला तर नटाबरोबर व्हॉल्व्ह फिरतो आणि खालची नळी पिळली जाते. १९७०-८० च्या काळातल्या बऱ्याच घरांत ८ किंवा १० मिलिमीटरच्या बारीक नळ्या घातल्यात. त्या तर उसाच्या कांड्यासारख्या मोडत नाहीत, दोरीसारख्या दुमडतात, आणि दुमडल्या की पाणी अडतं.

नट सैल करताना खाली पसरट ट्रे, वर ब्लीड व्हॉल्व्ह उघडा म्हणजे हवा आत जाऊन पाणी निवांत उतरेल. पाणी काळं येतं. घाबरू नका, तो लोखंडाचा काळा ऑक्साइड आहे, लोहचुंबकाला चिकटतो. गालिच्यावर पडला तर मात्र जन्माचा डाग. जुन्या चादरी खाली पसरा, आणि ते पाणी बागेत किंवा रस्त्याच्या गटारात न ओतता संडासात ओता, त्यात गंज रोखणारं रसायन असतं. मीटरभर लांबीचा दुहेरी पत्र्याचा रेडिएटर तीस किलोच्या आसपास भरू शकतो. तो दोघांनी उचलायचा, आणि जिन्यानं नेताना त्याची तोंडं वर ठेवून, चिंध्या कोंबून. आतला उरलेला गाळ नेमका फिकट पायऱ्यांवर सांडतो हा माझा अनुभव नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण गालिच्यावरचा तो काळा पट्टा मी रोज बघतो.

आता तिसरी गळती, जी मला सर्वांत उशिरा कळली आणि जिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. दिवाणखान्याची भिंत खराब होती म्हणून प्लॅस्टर करणाऱ्याला बोलावलं. त्यानं रेडिएटर टांगायचे कंस काढले, भिंतीवर दोन-तीन मिलिमीटरचा गुळगुळीत हात फिरवला, वाळल्यावर मी कंस त्याच भोकांत परत लावले. रेडिएटर टांगला, नट लावले. एक नट हातानं नीट बसेना, मी पान्यानं बसवला. बसला. दाब भरला, कोरडं. पंधरा दिवसांनी स्कर्टिंगचा रंग फुगला.

गणित साधं आहे. कंस नव्या प्लॅस्टरवर बसले म्हणून रेडिएटर दोन-तीन मिलिमीटर पुढे आला. जमिनीतून वर येणाऱ्या नळ्या मात्र जिथल्या तिथे. त्या जोडात रबराचं काही नसतं. रेडिएटरच्या पितळी टोकाचा उतरता काठ व्हॉल्व्हच्या तोंडात सरळ टेकतो, धातूवर धातू, आणि नट फक्त त्यांना एकमेकांवर दाबून धरतो. दोघं तिरके भेटले की नट कितीही आवळा, एका बाजूला केसाएवढी फट राहते. लगेच ती गळत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ रेडिएटर तापतो, पसरतो, आक्रसतो, आणि फट थेंब सोडायला लागते.

त्यामुळे नियम: नट हाताच्या बोटांनी दोन-तीन फेरे सहज चढला पाहिजे. चढत नसेल तर दोष जागेचा आहे, जोराचा नाही. प्लॅस्टर करणाऱ्याला आधीच सांगा की कंस भिंतीवरच ठेव आणि त्यांच्या भोवतीनं काम कर. ते जमलं नसेल तर कंसाच्या मागचं तेवढं प्लॅस्टर पटाशीनं खरवडून कंस जुन्या पातळीवर न्या. रेडिएटरमागे कुणाला दिसणार नाही. बाबांचं म्हणणं इथे पुन्हा लागू.

ठिबकण्याची दुसरी कारणं किरकोळ पण नेहमीची. टोकावर किंवा आट्यांवर रंगाचा वाळलेला थेंब. जुना गाळ न पुसता तसंच परत लावणं. आणि टेफ्लॉन टेप चुकीच्या जागी: लोक मोठ्या नटाच्या आट्यांवर दहा वेढे मारतात, ज्याचा उपयोग शून्य, कारण तिथे पाणी आटे अडवतच नाहीत. टेप लागतो तो पितळी टोक रेडिएटरमध्ये जिथे फिरवून बसवतात त्या आट्यांना. टेकणाऱ्या काठावर लावायचंच असेल तर सांधा बसवायची पेस्ट बोटाच्या टोकाएवढी, तीही काठ फडक्यानं चकाकेपर्यंत पुसल्यावर.

परत लावून पाणी भरल्यावर ठिबकतंय का हे डोळ्यांनी शोधू नका. स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर फाडून त्याचे कोरडे तुकडे सहा ठिकाणी गुंडाळा: दोन मोठे नट, लॉकशील्डचा दांडा जिथून बाहेर येतो ती जागा, ब्लीड व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या खालचा नळीचा सांधा, दोन व्हॉल्व्ह म्हणजे असे दोन सांधे. हीटिंग एक दिवस चालू-बंद होऊ द्या. कुठला तुकडा ओला झालाय त्यावरून उत्तर मिळतं. दांड्याशी ओलं असेल तर ते रंगकामाचं पाप नाही, वर्षांनी दांडा हलवल्यामुळे त्याचं पॅकिंग सैल झालेलं असतं. तिथला छोटा नट पाव फेरा आवळला की बहुधा थांबतं.

दाब भरताना काटा गार असताना १ ते १.५ बारच्या मध्ये ठेवा. पाणी भरायची लवचिक नळी काम झालं की दोन्हीकडून बंद करून सोडवून ठेवायची असते. ती उघडी राहिली की काटा चढत जातो आणि ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह घराबाहेरच्या पाईपातून पाणी फेकतो. मग लोक म्हणतात रेडिएटर गळतोय. पहिले दोन-तीन दिवस काटा थोडा उतरला तर बिघाड समजू नका, अडकलेली हवा बाहेर पडते. पुन्हा ब्लीड करा, थोडं भरा. आठवडे उलटूनही दर रविवारी भरावं लागत असेल तर मात्र गळती आहे, आणि ती शोधायलाच हवी. दर वेळी भरलेलं नवं पाणी नवा ऑक्सिजन आणतं, तो पत्रा गंजवतो, गंजाचा तो काळा गाळ होतो. काढलेल्या पाण्याबरोबर गंजरोधक रसायनही गेलेलं असतं. एक रेडिएटर गेला तर फार फरक पडत नाही, घरभर खाली केलं असेल तर नवीन घाला.

एवढं करूनही रेडिएटर गारच राहिला तर? वरून गार, खाली गरम: हवा आहे, ब्लीड करा. सगळाच गार, आणि टीआरव्हीच्या बाजूची नळी मात्र गरम: टोपीनं दाबून ठेवलेली पिन खाली चिकटली आहे. डोकं काढून पिन बोटानं किंवा पकडीच्या दांड्यानं हलकेच खाली दाबून सोडा, ती उसळून वर आली पाहिजे. पकडीत धरून वर ओढू नका, काही व्हॉल्व्हची पिन अख्खी हातात येते आणि मागून कारंजं. लॉकशील्ड कागदावर लिहिलेल्या फेऱ्यांइतकाच उघडा. मी एकदा ‘जास्त गरम होईल’ म्हणून पूर्ण उघडला आणि मुलीची खोली, जी पाईपलाईनमध्ये त्याच्या पुढे आहे, आठवडाभर गार पडली.

रेडिएटर काढायला आणि लावायला कुठला परवाना लागत नाही, पण बॉयलरचं झाकण उघडायचं काम गॅस सेफ या इथल्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्यानंच करायचं. दाब गरम असताना ३ कडे धावतो आणि गार झाल्यावर शून्यावर येतो, असं दिसलं तर दोष बहुधा बॉयलरमधल्या एक्स्पान्शन व्हेसलचा, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या भांड्याचा. तिथे पाना खाली ठेवा. भाड्याच्या घरात आधी मालकाला लेखी विचारा. आणि लंडन-मँचेस्टरच्या नव्या उंच इमारतींत जिथे सगळ्या इमारतीचं हीटिंग एकाच ठिकाणाहून येतं, तिथे आपल्या फ्लॅटमधला व्हॉल्व्ह सोडवण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाला फोन करा, कारण खाली राहणारा माणूस तुमच्या रंगकामाला बोलावलेला नसतो.

यंदा सप्टेंबरात पुढची खोली निघाली. बाबा आले होते. मी ब्लीड व्हॉल्व्ह उघडला, कप अर्धा भरला आणि पाणी थांबलं. बाबांनी कप उचलून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले, ‘आता काढ.’